रेस सोडली की वळत नाही

दिवाळीची सुट्टी लागली की नागाव, काशीद, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली आणि पलीकडे कळंगुट-बागा या किनाऱ्यांवर एकच दृश्य दिसते. वाळूत मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, शहाळ्यांची हातगाडी, आणि कडेला गुडघाभर पाण्यात डुलत उभ्या असलेल्या दोन-चार जेट स्की. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आलेला पस्तिशीचा एखादा गृहस्थ घासाघीस करून दर ठरवतो, आधीच्या गिऱ्हाइकाने नुकतेच उतरवलेले ओलेचिंब जाकीट चढवतो आणि बसतो. जेट स्कीवाला मुलगा बहुधा त्याच्या मागे बसून हँडलवर हात ठेवतो. गिऱ्हाईक जरा धीट दिसले आणि त्याने हट्टच धरला, तर तो हँडल त्याच्या हाती सोपवतो. शिकवणी अर्ध्या मिनिटात उरकते. ‘हे दाबलं की पळते, सोडलं की थांबते.’

गृहस्थाची वीस वर्षे दुचाकीवर गेलेली असतात. कात्रजचा घाट, पावसाळ्यातले खड्डे, रात्रीचे ट्रक सगळे पार पडलेले असते. समोर हँडल आहे, बसायला सीट आहे, पाय ठेवायला जागा आहे; हे तर आपल्याला येतेच, असे त्याला वाटते.

त्या अर्ध्या मिनिटाच्या शिकवणीत एक गोष्ट चूक असते आणि एक राहून गेलेली असते. रेस सोडली की जेट स्की लगेच थांबत नाही, ही चूक. आणि रेस सोडली की ती वळतही नाही, हे राहून गेलेले.

याचे कारण तिच्या पोटात आहे. (‘जेट स्की’ हे खरे तर कावासाकी कंपनीचे नाव. यामाहाची ‘वेव्हरनर’, कॅनडाची ‘सी-डू’. पण वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावे तसे आपण सगळ्यांनाच जेट स्की म्हणतो. वर्तमानपत्रांत तिला वॉटर स्कूटरही म्हणतात.) साध्या बोटीला मागे पंखा आणि सुकाणू असते. जेट स्कीला सुकाणू नसते. तिच्या तळाला एक जाळी असते. इंजिनावर फिरणारा आतला पंखा त्या जाळीतून पाणी वर ओढतो आणि मागच्या अरुंद तोंडातून जोराने बाहेर फेकतो. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जशी लांब जाते, तसेच. पाणी मागे फेकले जाते म्हणून वाहन पुढे जाते. शाळेत पाठ केलेला न्यूटनचा तिसरा नियम. हँडल वळवले की ते मागचे तोंड डावीकडे-उजवीकडे वळते आणि फवाऱ्याची दिशा बदलते. म्हणजे वळवण्याचे काम फवारा करतो. फवारा बंद, तर वळणे बंद. मग हँडल कितीही फिरवा, वाहन होते त्याच रेषेत सरकत राहते.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समोर पाण्यात अचानक एक डोके दिसते. लाटांमध्ये माणसाचे डोके नारळाएवढेच दिसते, आणि वेग घेताना जेट स्कीचे नाक वर उचलले जाते, त्यामुळे समोरचे जवळचे पाणी तर दिसतच नाही. डोके दिसताच वीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप काम करतो: रेस सोडायची आणि हँडल बाजूला वळवायचे. रस्त्यावर हे बरोबर आहे. पाण्यावर नेमके हेच चुकते. रेस सोडल्यामुळे फवारा गेला, फवारा गेल्यामुळे हँडल निकामी झाले, आणि तीन-चारशे किलोचे वाहन, वर बसलेल्यांचे वजन धरून जवळपास अर्ध्या टनाचे, सरळ त्या डोक्याकडे जात राहिले. दुसऱ्या दिवशी बातमीत ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ असे छापून येते. नियंत्रण सुटलेले नसते. चालकाने ते स्वतःच, समोरच्याला वाचवण्याच्या हेतूने, सोडून दिलेले असते.

उपाय शिकवायला दोन मिनिटे लागतात. अडथळा दिसला तर हँडल पूर्ण वळवायचे आणि रेस चालूच ठेवायची. वळून बाहेर पडायचे आणि मग वेग कमी करायचा. हे ऐकायला सोपे वाटते, पण घाबरलेल्या हाताला ते पटत नाही. म्हणून मोकळ्या पाण्यात, कुणी आसपास नसताना, हळू वेगात ते चार-पाच वेळा करून पाहावे लागते. जेट स्कीवाल्याला ‘रेस सोडली तर वळते का?’ एवढा एकच प्रश्न विचारून पाहावा. जो नीट उत्तर देतो आणि करून दाखवतो, त्याच्याकडून जेट स्की घ्यायला हरकत नाही.

थांबण्याचे गणितही असेच. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, साधारण क्रिकेटच्या एका खेळपट्टीएवढे अंतर. मोबाइलवर किनाऱ्यावरच्या नातेवाइकांकडे पाहून हात हलवण्यात दोन सेकंद गेले, तर दोन खेळपट्ट्या मागे पडल्या. जुन्या जेट स्कींना ब्रेक नसतो. ताशी पंच्याण्णव किलोमीटरच्या आसपास वेग असेल, तर रेस सोडल्यावर ती थांबायला सुमारे ९० मीटर लागतात. २००९ पासून सी-डूने ब्रेकची सोय असलेली मॉडेल आणली, आणि रेस सोडल्यावरही थोडे वळता यावे अशी व्यवस्था इतर कंपन्यांनीही केली. पण किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी प्रत्येक जेट स्की नवी असते असे नाही. ब्रेक नाही असे धरूनच चालवावे. पोहणाऱ्यांपासून, दुसऱ्या जेट स्कीपासून आणि किनाऱ्यापासून निदान शंभर मीटर अंतर असावे, हे या हिशेबातूनच येते.

आणखी एक सवय उलटी करावी लागते. आपण रस्त्यावर डावीकडून चालतो. समोरून गाडी आली की आपला हात आपोआप डावीकडे जातो. समुद्रावरचा १९७२चा आंतरराष्ट्रीय नियम बरोबर उलटा आहे: दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या, तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचे. एकाला नियम ठाऊक असला आणि दुसऱ्याने रस्त्याच्या सवयीने डावीकडे घेतले, तर टक्कर ठरलेली. मित्रांनी दोन जेट स्की घेऊन एकमेकांवर पाणी उडवण्याचा खेळ सुरू केला की हे फार वेळा घडते.

एवढ्या लांबणीवर लावण्याचे कारण असे, की जेट स्कीच्या अपघातात माणूस बुडून मरतो, हा समज पुरता खरा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये अशा अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. करमणुकीच्या इतर सर्व प्रकारच्या बोटींवर मृत्यूचे पहिले कारण बुडणे हेच होते. जेट स्की हा एकच अपवाद निघाला. तेथे माणसे प्रामुख्याने आघाताने दगावत होती. जाकीट घातलेला माणूस बुडत नाही, पण जाकीट त्याला टकरीपासून वाचवत नाही. अपघात विभागात आलेल्या अशा रुग्णाकडे म्हणूनच बुडालेला माणूस म्हणून नव्हे, तर मोटारसायकलच्या अपघातातला माणूस म्हणून पाहावे लागते: डोके, मान, छाती, पोट, कंबर सगळे.

पाणी मऊ असते हे आपण बादलीतल्या अनुभवावरून म्हणतो. वेगाने पडणाऱ्या शरीराला बाजूला सरून जागा द्यायला पाण्याला वेळ मिळत नाही, आणि मग ते जमिनीसारखे लागते. बरगड्या मोडतात. कानावर आपटले तर पडदा फाटतो, आणि थंड पाणी मधल्या कानात शिरताच भोवळ येते. वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेनासे होते. पट्टीचा पोहणारासुद्धा या अवस्थेत गटांगळ्या खाऊ शकतो. दुसऱ्या बोटीने उठवलेल्या लाटेवरून उडी घेण्यात मजा वाटते, पण जेट स्की हवेतून खाली आदळते तेव्हा बसलेल्या माणसाचा मणका सरळ उभा असतो आणि सगळा दणका त्याच्यावर येतो. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या सांध्यावर मणका चेपला जाण्याचा किंवा फुटण्याचा धोका सर्वांत जास्त. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात, आणि ‘आई, तूही चल ना’ म्हणून मुले त्यांनाच आग्रहाने मागे बसवतात. उडी नको, आणि लाट आलीच तर सीटवरून किंचित उठून गुडघे वाकवायचे. दणका पाय झेलतात.

मुलांना बहुतेक वेळा पुढे, हँडलला टेकून बसवले जाते. कारण आईबापांना ते सुरक्षित वाटते. जेट स्की अचानक मंदावली किंवा कशावर आदळली, की मागच्यांचे सगळे वजन मुलावर येते आणि त्याचे पोट हँडलवर दाबले जाते. सायकलवरून पडलेल्या मुलांमध्ये डॉक्टर जी इजा शोधतात, तीच येथेही: प्लीहा, यकृत, स्वादुपिंड, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. पोटावर एखादा लाल वळ असतो, मूल थोडे रडून गप्प होते. दुखणे काही तासांनी वाढते, उलट्या सुरू होतात. अशा मुलाला ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा देत बसू नये. जेट स्कीवर बसलेल्या मुलाचे पाय खालच्या पायठेवणीपर्यंत पोहोचले पाहिजेत; पोहोचत नसतील तर अजून त्याचे वय झालेले नाही. चालवण्याबद्दल तर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, की सोळा वर्षांखालील कुणीही जेट स्की चालवू नये.

यानंतरची इजा अशी आहे, की तिच्याबद्दल घरात बोलले जात नाही, किनाऱ्यावर सांगितले जात नाही आणि दवाखान्यातही रुग्ण ती लवकर सांगत नाही.

सर्वांत मागे बसलेली व्यक्ती, चालकाने एकदम रेस दिली की, मागे कलंडते आणि पाठीमागून पाण्यात पडते. पडताना पाय फाकलेले असतात. आणि पडते ती बरोबर त्या मागच्या तोंडासमोर, जेथून पाण्याची धार पूर्ण जोराने बाहेर पडत असते. ती धार गुदद्वारातून किंवा योनिमार्गातून आत शिरू शकते. पोहण्याचा पोशाख, लेगिंग किंवा साधी चड्डी तिला अडवू शकत नाही. आत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने योनिमार्गाची भिंत फाटते, गुदाशय फाटतो, कधी पाणी थेट पोटाच्या पोकळीत जाते. समुद्राचे पाणी आणि मळ पोटात पसरला की काही तासांत जंतुसंसर्ग होतो. मोठे रक्तस्राव होतात. शस्त्रक्रिया लागते, गुदाशय फाटलेला असेल तर काही महिने पोटावर शौचाची पिशवी ठेवावी लागू शकते. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची वर्णने अनेक वर्षांपासून येत आहेत. ही इजा वारंवार होत नाही. पण होते तेव्हा जीव घेऊ शकते, आणि ती टाळता येण्याजोगी आहे.

जेट स्की बनवणाऱ्या कंपन्यांना हे पक्के माहीत आहे. त्यांच्या माहितीपुस्तिकेत आणि वाहनावर चिकटवलेल्या सूचनेत लिहिलेले असते, की साधे पोहण्याचे कपडे पुरेसे नाहीत, बसणाऱ्या प्रत्येकाने वेटसूटची जाड विजार किंवा तितकेच संरक्षण देणारा कपडा घालावा. सूचना इंग्रजीत असते, आणि खाऱ्या वाऱ्याने व उन्हाने अक्षरे उडून जायला वेळ लागत नाही. आपल्या किनाऱ्यांवर जाकीट मिळते. विजार मागितली तर जेट स्कीवाला नवलाने पाहील. तरी मागावी. मिळाली नाही तर निदान एवढे करावे: मागे बसणाऱ्याने चालकाच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट विळखा घालावा, सेल्फीसाठी हात सोडू नये, आणि चालकाला आधीच बजावावे की वेग हळूहळू वाढव, झटका देऊ नकोस. तिघांच्या सीटवर चौथ्याला कोंबू नये. तो निम्मा बाहेरच लटकलेला असतो. पाण्यातून पुन्हा चढायचे ते मागून, पण इंजिन बंद झाल्याची खात्री करूनच.

आणि हे घडलेच, तर? बाई पाण्याबाहेर येते, ओटीपोटात कळ आहे, थोडे रक्त दिसते. पाळी आली असेल असे ती स्वतःला सांगते, सासरची मंडळी बरोबर आहेत, बोलायला जीभ रेटत नाही, आणि सगळे हॉटेलवर परततात. तरुण मुलगाही मित्रांसमोर गुदद्वारातून रक्त गेल्याचे सांगत नाही. रात्री पोट फुगते, ताप चढतो. ग्रामीण रुग्णालयातल्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला ‘पोटात दुखतंय’ एवढेच कळले, तर तो सलाइन आणि दुखण्याचे इंजेक्शन देईल, आणि मोलाचे तास जातील. त्याला ‘जेट स्कीवरून मागच्या बाजूला पडले, तेव्हापासून रक्त जातंय’ हे एक वाक्य कळले, तर तो रुग्णाला लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पाठवील. मागे पडल्यानंतर योनिमार्गातून किंवा गुदद्वारातून थेंबभर रक्त आले, ओटीपोटात दुखले, लघवी होईना, तर बाहेरून जखम दिसो वा न दिसो, त्याच वेळी रुग्णालय गाठायचे. काही खायचे-प्यायचे नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. स्त्री डॉक्टर किंवा नर्स मागण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि त्यात काही वावगे नाही.

मागच्या तोंडाचे हे झाले. खालची जाळीही लक्षात ठेवावी. ती पाणी ओढते, तसेच पाण्यात असलेले सगळे ओढते: मोकळे केस, ओढणी, साडीचा पदर, जाकिटाचा लोंबता पट्टा. सिंधुदुर्गात रापणीच्या जाळ्यांचे दोर किनाऱ्यालगत पाण्यात असतात, तेही तिच्यात अडकतात आणि जेट स्की जागीच बंद पडते. अशा वेळी इंजिन बंद केल्याशिवाय जाळीत हात घालू नये. केस घट्ट बांधावेत, आणि ओढणी किनाऱ्यावरच्या माणसाकडे ठेवावी.

जाकिटाविषयी लोकांना बरेच माहीत झाले आहे, दुर्दैवाने दुर्घटनांमुळेच. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, आणि आठवडाभरातच, २५ डिसेंबरला, कळंगुटला पर्यटकांची बोट किनाऱ्यापासून फार दूर नसताना उलटली. दोन्हीकडे जीव गेले. पण जाकीट अंगावर असणे आणि ते कामाला येणे यांत फरक आहे. पाण्यात माणसाचे वजन फार कमी भरते. मोठ्या माणसाला तरंगत ठेवायला सुमारे सात किलोची उचल पुरते. मात्र ती उचल माणसाला मिळाली पाहिजे, जाकिटाला एकट्याला नव्हे. सैल जाकीट पाण्यात वर चढते आणि माणूस खाली राहतो. परीक्षा सोपी आहे. सगळ्या बकला लावून पट्टे ओढावेत, मग दुसऱ्याने खांद्यांच्या पट्ट्या धरून जाकीट वर खेचावे. ते हनुवटी-कानांपर्यंत आले, तर ते तुमच्या मापाचे नाही. लहान मुलांच्या जाकिटाला पायांमधून जाणारी पट्टी हवीच. ज्याचा फोम आतून चुरगळला आहे, शिवण उसवली आहे, बकल तुटून दोरीने गाठ मारली आहे, ते परत करावे. हवा भरून फुगणारे जाकीट जेट स्कीवर चालत नाही. वेगाने आपटण्यासाठी ते बनवलेलेच नसते. शिवाय किनाऱ्यावर मिळणारे साधे जाकीट बेशुद्ध माणसाचे तोंड वर करीलच असे नाही. म्हणून पडलेला माणूस तरंगतो आहे एवढ्यावर समाधान न मानता त्याच्यापर्यंत लवकर पोहोचावे लागते.

जाकिटाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे हँडलजवळच्या बटणाला अडकवलेली, गुंडाळीसारखी, बहुधा लाल रंगाची दोरी. तिचे दुसरे टोक चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला बांधायचे असते. चालक पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. ती बांधलेली नसली, तर चालू जेट स्की पडलेल्या माणसापासून दूर जाऊ शकते, किंवा वळसा घेऊन त्याच्याच अंगावर येऊ शकते. घाईत ती हँडललाच गुंडाळून ठेवलेली अनेकदा दिसते. पर्यटक पुढे आणि मुलगा मागे बसला असेल, तर दोरी कुणाच्या हाताला आहे हे पाहावे. ज्याच्या हातात रेस, त्याच्या हाताला दोरी.

गरोदर स्त्रिया, पाठीच्या चकतीचा त्रास असलेले, अलीकडे पोटाची, डोळ्यांची किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झालेले, फिट येणारे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, या सर्वांनी किनाऱ्यावर बसून शहाळे प्यावे. दारू प्यायलेल्या माणसाने तर पाण्याच्या कडेलाही जाऊ नये. दुपारचे ऊन, पाण्यावरून परावर्तित होणारी तिरीप आणि घामाने कमी झालेले पाणी यांत बिअरची भर पडली, की तोल आणि अंदाज दोन्ही जातात. पाण्यात पडल्यावर श्वास रोखून धरण्याचे भानही राहत नाही. पावसाळ्यात, साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, कोकणातले जलक्रीडा व्यवसाय बंद ठेवले जातात. त्या काळात ‘आपल्या ओळखीचा आहे’ म्हणून कुणी फेरी मारायला तयार झाला, तर तो ओळखीचा नसता तर बरे झाले असते असे समजावे.

जेट स्की उलटली तर बहुतेकांचा पहिला प्रयत्न ती कशीही सरळ करण्याचा असतो. मागच्या बाजूला बाण काढलेला असतो. त्याच दिशेने फिरवायची, नाहीतर इंजिनात पाणी जाते. सरळ करता आली नाही तर तिला धरून राहावे, पोहत किनारा गाठायला निघू नये. पालथी जेट स्की लांबून दिसते. एकटे डोके दिसत नाही. किनाऱ्यावरच्या माणसांनी तटरक्षक दलाचा १५५४, पोलिसांचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक फोनमध्ये आधीच घालून ठेवलेले असावेत. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची सेवा आहे आणि बुडणाऱ्यांना बाहेर काढायला ते जेट स्कीच वापरतात. लाटांमधून झटकन जाणारे, बाहेर फिरता पंखा नसलेले हे वाहन प्रशिक्षित हातात उत्तम काम करते. आपल्याकडे सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नाहीत. जेथे ते आहेत, तेथेच पाण्यात उतरावे.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर गावोगाव अजूनही त्याचे पोट दाबतात, त्याला पालथे घालून पाठीवर बसतात किंवा पाय धरून उलटे लटकवतात. पोटातले पाणी बाहेर येते, लोकांना बरे वाटते, आणि त्यात दोन-तीन मिनिटे जातात. मेंदूला तेवढी पुरत नाहीत. बुडालेल्याला हवी असते हवा. म्हणून येथे सुरुवात श्वासाने करायची: हनुवटी वर उचलून, नाक दाबून, तोंडाने पाच श्वास, छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मध्यभागी तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, मदत येईपर्यंत. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नये. श्वास देता येत नसेल तर नुसते दाब द्यावेत. काहीच न करण्यापेक्षा ते बरे. मानेला मार असण्याची शक्यता जेट स्कीच्या अपघातात असतेच, तेव्हा डोके आणि धड एका रेषेत ठेवून हलवावे, पण मान जपण्यासाठी श्वास थांबवू नये.

आणि ज्याला काही सेकंदच पाण्याखाली जावे लागले, जो बाहेर येऊन खोकला, उलटी केली आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला? त्याचे तोंड पुसून, चहा पाजून गाडीत बसवले जाते आणि मंडळी घाटाला लागतात. फुप्फुसात गेलेले थोडेसे पाणीही आतल्या पातळ आवरणाला बिघडवू शकते, आणि प्राणवायू हळूहळू कमी होत जातो. बिघडायचे असेल तर ते बहुधा पहिल्या चार ते आठ तासांत कळते. खोकला थांबत नसेल, श्वास जलद चालत असेल, मूल पेंगत असेल किंवा त्याने क्षणभर शुद्ध हरपली असेल, तर तेवढा वेळ जवळच्या रुग्णालयात बोटाला ऑक्सिजन मोजण्याची क्लिप लावून पडून राहावे. बरोबरच्या माणसाने डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात: किती वाजता पडला, पाण्याखाली किती वेळ होता, शुद्ध गेली होती का, आणि पुढे पडला की मागे. हे किनाऱ्यावरच फोनमध्ये लिहून ठेवले तर उत्तम. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तीन नातेवाईक तीन वेगवेगळ्या वेळा सांगू लागतात.